इथले नाहीत ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही — बघा, इथेही भित्रेपणाच.

काशीदच्या अलीकडच्या एका गावात मी ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. अंगणवाडी आमच्याच पडवीत भरायची. सेविका माझी चुलत वहिनी. पोरांची वजनं, दंडाचा घेर मोजणं, गरोदर बायकांना नि लहानग्यांना आहाराची पाकिटं वाटणं — सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

सुरूच्या बनामागे जनीची झोपडी. कातकरी बाई. तीन वर्षं तिथेच राहत होती. तिने खाडीतून आणलेल्या चिंबोऱ्या आमच्या घरी किती वेळा शिजल्या! तरी टपरीवर माझं तोंड सुटायचं — "आज पाकीट मागतील, उद्या सातबारा मागतील." सगळे हसायचे. त्या हसण्याची आता चीड येते. मी तसं बोलायचो, कारण झोपडीची ती जागा मलाच हवी होती. जागा सरकारी — पण पर्यटकांसाठी तिथे दोन खोल्या बांधायचं माझ्या मनात होतं. अंगणवाडीच्या यादीत जनीचं नाव लागलं की ती गावची ठरणार, मग हलायची नाही, ही भीती. एवढ्यासाठी—

थांबतो जरा. नाही, सांगतोच.

एका सकाळी जनी पोराला घेऊन पडवीत आली. दीड वर्षाचं पोर, पण मान सावरत नव्हतं. वहिनीने त्याच्या दंडाला पट्टी लावली. लाल रंग. लाल म्हणजे जिवाला धोका. लगेच डॉक्टर, लगेच जादा आहार. सुपरवायझर मॅडम नेमक्या आलेल्या. त्यांनी मला विचारलं, "हे कुटुंब इथेच राहतं ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. किती कठीण होतं ते?

मी म्हणालो, "छे, मॅडम! फिरस्ते लोक. इथले नाहीत ते. चार दिवसांत जातील. त्यांच्या गावी मिळतं त्यांना सगळं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी गुंडाळून ठेवली — पडवी माझी होती ना! मॅडम म्हणाल्या, "मग तिकडेच नाव लावा, बाई," आणि पुढचं पोर वजनाला घेतलं. जनी समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं, पोराला पदराखाली घेतलं आणि गेली.

त्या महिन्यात उरलेलं एक पाकीट मी शेळीला घातलं. हो, मीच. या हातांनी.

पंधरा दिवसांनी जनी अंगणात येऊन उभी राहिली. कडेवर पोर, फडक्यात गुंडाळलेलं, तोंडावरूनही फडकं. वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या! तिने फक्त विचारलं, "दादा, तू बोललास आमी इथलं न्हाय. मंग याला पुरू कुठं?"

मी तिच्या झोपडीच्याही पलीकडे, खाडीकडे बोट दाखवलं — मला हव्या असलेल्या जागेच्या हद्दीबाहेर. तेवढं भान मला तेव्हाही होतं.