हातमोजे काढून बांधलेला आडोसा

मी आणि माझी रूममेट कॅनडात मिल्टनला एका मराठी काकांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. कॉलेज सुटलं की ती वेअरहाऊसमध्ये कामाला जायची, मी ग्रोसरीत. काका रिटायर्ड इंजिनिअर. त्यांना जंगलात राहण्याचा भारी नाद. "हीटरपुढे बसून हा देश कळत नाही," म्हणत एका फेब्रुवारीत ते आम्हाला उत्तरेकडच्या जंगलात घेऊन गेले. नाही म्हणायची सोय नव्हती; घर त्यांचं होतं.

दोन झाडांमध्ये आडवी काठी बांधायची, तिला तिरक्या काठ्या टेकवायच्या, वर स्प्रूसच्या सुईपानांच्या फांद्या अंथरायच्या. आमचा आडोसा उभा राहिला की काका त्याला लाथ घालायचे.

"पडला. पुन्हा बांधा."

माझ्या रूममेटला दोरीची गाठ जमेना. काका म्हणाले, "हातमोजे काढ."

"काका, बोटं बधिर झालीत."

"काढ म्हटलं ना?"

तिने काढले. दोरी बर्फाने भिजून कडक झाली होती. थोड्या वेळाने तिने हात माझ्यापुढे धरले. बोटं मेणासारखी पांढरी.

"मला काहीच जाणवत नाहीये गं."

काका हसले. "बरंय की. आता दुखणार नाही."

मी तिचे हात माझ्या जॅकेटच्या आत, काखेत घेतले. "काका, गाडी काढा. हॉस्पिटलला जाऊ."

"आधी आडोसा पुरा कर." आणि ते ओंडक्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायला लागले.

मी एकटीने बांधला. त्यांनी लाथ मारली, तो हलला नाही, तेव्हा कुठे चावी खिशातून निघाली. वाटेत हीटरने बोटांत जीव आला तशी ती किंचाळायला लागली. काकांनी रेडिओ मोठा केला.

डॉक्टरांनी काही आठवडे वाट पाहिली आणि मग तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली. आईला तिने मशीनमध्ये बोटं सापडली असं सांगितलं. खरं कळलं असतं तर आईने परत बोलावून घेतलं असतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात काका फोनवरचा त्या आडोशाचा फोटो सगळ्यांना दाखवत होते. "या पोरीने बांधलाय, एकटीने!"

"आणि हिने?" कोणीतरी माझ्या रूममेटकडे बघून विचारलं.

"हिला थंडी सोसत नाही."

सगळे हसले. तीही हसली, हात शालीत घेऊन.

महिनाअखेर आम्ही ब्रॅम्पटनला खोली घेतली. बॅगा मीच उचलल्या. काका फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. वाट द्यायला बाजूला झाले आणि म्हणाले, "बेसमेंटची किल्ली ठेवलीत ना?"