चितेवरची वरात

मौला नदाफ कोण, असं आज सोलापुरात विचारलंत तर चार जुने बँडवाले सांगतील. बाकीच्यांना तो ठाऊक असायचं कारण नाही. मी सांगू शकतो, कारण त्याच्यावर जळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. इतकं बारकाईनं त्याला त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल.

सत्तावीस सालची गोष्ट. बसवराज आप्पांच्या पत्र्याच्या थेटरात आम्ही दोघे पडद्याखाली बसून वाजवायचो. मूकपटाचे दिवस होते. वर पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची आणि खाली मी पेटी, मौला क्लॅरोनेट. मी गुरूपाशी बारा वर्षं शिकलेला. लोक मला महिपती मास्तर म्हणत. माझ्यापाशी एक वही होती. पाठलागाला कोणती चाल, देव प्रकटला की कोणती, मायलेकरांची ताटातूट झाली की कोणती, सगळं शाईनं लिहिलेलं. नवा खेळ आला की मी आधी त्याची कथा काढून घ्यायचो आणि रिळाच्या आकड्यापुढे चाल लिहून ठेवायचो. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलताना थेटरात दिवे लागत. दिवे लागले की मी पान उलटायचो. पडद्याकडे मान वर करून बघायची मला गरज पडत नसे, आणि याचा मला केवढा अभिमान होता!

मौलाला वाचताही येत नव्हतं. मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, त्याची कायमची नोकरी होती, ती त्यानं एका बँडवाल्याकडून जुनं क्लॅरोनेट मिळालं म्हणून सोडली. घरात तीन लेकरं. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या बायकोनं मला घराबाहेर काढलं असतं असं मला वाटायचं. त्याची बायको नूरबी हसायची. वळसंगला लग्नात वाजवायला हा बिदागी न ठरवता गेला आणि दोन कोंबड्या घेऊन परत आला, तेव्हा त्यांच्या घरात सणासारखा आनंद. आमच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार येत होता आणि कुणी हसत नव्हतं.

खेळाची कथा सांगायला गेलो की तो कानावर हात ठेवायचा. लोकांच्या बरोबरीनं पहिल्यांदा बघायचं, हा त्याचा हट्ट. चुकायचाही पुष्कळ. एकदा खलनायक साधूच्या वेशात आला तर यानं भक्तीचे सूर लावले आणि सगळं थेटर फसलं. पण त्यानं दगा दिला तेव्हा तेच सूर मौलानं असे काही मोडले की लोक बाकांवर उभे राहिले. मी वहीतलं वाजवत होतो, बरोबर वाजवत होतो, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माझी बायको बजाबाई एकदा खेळ बघून आली आणि म्हणाली, मौलाभाईंचं ऐकून मला रडू आलं. माझी पेटी ऐकताना तिला बारा वर्षं जांभया येत होत्या. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही ते तिला सांगितलंही नाही.

श्रावणात आप्पांनी आम्हाला बोलावून घेतलं. पावसानं प्रेक्षक कमी झाले होते. पुढच्या महिन्यापासून पडद्याखाली एकच माणूस ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. रविवारी तीनच्या खेळाला अक्कलकोटहून त्यांचे व्याही येणार होते. ते गाण्यातले जाणकार. ते ज्याला चांगला म्हणतील तो राहणार. मौला म्हणाला, "बरं झालं की, एकदाचं ठरंल." मला आतून धडकी भरली. पेटीखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं.

मग मी एक काम केलं. रविवारचा खेळ बार्शीहून येणार होता. धोंडीराम ऑपरेटर शनिवारी सकाळी दारं लावून नवा खेळ एकदा फिरवून बघायचा, फिल्म कुठं तुटलेली नाही ना याची खात्री करायला. त्याला पानसुपारी देऊन मी आत जाऊन बसलो आणि अख्खा खेळ लिहून काढला. एक म्हातारा राजा, त्याचा एकुलता मुलगा. मुलाचं लग्न बघायची राजाला फार हौस, दुसऱ्या रिळातच तो स्वतःच्या हातानं मुंडावळ्या निवडतो. चौथ्या रिळात वरात, पाचव्यात राजाचं मरण आणि चिता. मौलाला यातलं अक्षर कळू दिलं नाही. तो आपण होऊन ऐकणार नाही हे मला माहीत होतं, तरीही मी लपवलंच. वर आप्पांना सांगून ठेवलं की उद्या मी पुढे वाजवेन, मौलानं मागं साथ करायची. तो खुशीनं तयार झाला. त्याची ती खुशीसुद्धा मला सहन होईना.

रविवारी थेटर भरलं. आप्पा आणि व्याही पहिल्या रांगेत. तीन रिळं उत्तम गेली. दिवे लागले, मी पान उलटलं. चार, वरात. दिवे गेले आणि मी जोरात वरातीची चाल सुरू केली.

क्लॅरोनेट वाजलंच नाही. मागं लोक गप्प झाले होते. वरातीला लोक गप्प बसत नाहीत. मी कधी नव्हे ती मान वर केली. पडद्यावर राजाचं प्रेत होतं आणि मुलगा चितेला प्रदक्षिणा घालत होता.

मागाहून कळलं, बार्शीच्या लोकांनी दोन रिळांची अदलाबदल करून डबे भरले होते, आणि शनिवारी मी तो उलटाच क्रम लिहून घेतला होता. धोंडीरामला रविवारी फिल्मच्या टोकावरचे आकडे दिसले, त्यानं क्रम नीट लावून घेतला. मला सांगावं असं त्याच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. राजा लग्नाच्या आधीच मरत होता, आणि मी पेटीवर वरात वाजवत होतो.

बोटं थांबवली तर चूक साऱ्या गावाला कळणार, म्हणून ती तशीच चालत राहिली. तेवढ्यात मौलानं माझी ती चाल उचलली. तीच वरात, पण निम्म्या लयीत, एकेक सूर ओढत. माझा हातही त्याच्यामागून आपोआप संथ झाला. पोरानं अग्नी दिला आणि क्लॅरोनेट वरातीतच राहिलं, जी वरात त्या म्हाताऱ्यानं बघितली नव्हती. बायकांच्या बाजूनं आधी एक हुंदका आला, मग सगळीकडून. आप्पांनी उपरणं तोंडाला लावलं होतं.

पुढच्या रिळात खरी वरात आली. मी वही मिटून ठेवली होती. काय वाजवलं ते मला आठवत नाही.

खेळ सुटल्यावर व्याह्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. चितेवर वरात वाजवायचं धाडस आजवर कुणी केलेलं ऐकलं नाही, असं म्हणाले. मौला बाजूला क्लॅरोनेट पुसत होता. तोही म्हणाला, "मास्तर, मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी छाती झाली नसती." मी मान हलवली. एवढंच केलं. आप्पांनी मला ठेवलं, आणि मौला दुसऱ्या आठवड्यात बार्शीकडच्या एका फिरत्या तंबू-सिनेमावाल्याबरोबर निघून गेला. नूरबी आणि लेकरं बैलगाडीत, वर गाडगी-मडकी, आणि कुठं उतरायचं ते ठरलेलं नाही.

मी सुटलो म्हणून खूश व्हायला हवं होतं. पण लोक आता मला धाडसी म्हणून बघायला येऊ लागले. मी ती युक्तीही वहीत लिहून टाकली: मरण आलं की वरात, निम्मी लय. तीन-चार खेळांत वाजवली. एकही हुंदका आला नाही, एकदा तर मागून हसू आलं. बत्तीस साली बोलपट आले, आमच्या बसायच्या जागी आप्पांनी खुर्च्यांची एक रांग वाढवली, आणि मी घरोघरी मुलींना पेटी शिकवू लागलो.

पस्तीस साली बजाबाईच्या भाच्याच्या लग्नाला वळसंगला गेलो तर मांडवात मौला. स्वतःचा सात जणांचा बँड, दाढी पिकलेली. त्यानं मला ओढत नेऊन त्याच्या माणसांपुढं उभं केलं. हेच ते मास्तर, चितेवर वरात वाजवणारे, ह्यांच्याकडून मी शिकलो, असं तो त्यांना सांगत होता. पोरं पाया पडली. आठ वर्षं हा माझं नाव असं मिरवत हिंडत होता.

मला ते झेपेना. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शनिवारची चोरी, वही, सगळं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग पेटीवरनं हात का न्हाय काढला तुमी?"

"घाबरलो होतो. थांबायचं धैर्य नव्हतं."

"व्हय की," तो म्हणाला. "माजं बी रोज तसंच असतंय."

"तू घाबरतोस?"

"लई. फुडं काय येणार हाय कुणाला म्हाईत? पर हात काढायचा न्हाय." मग हसला. "या, बसा. हितं एक पेटी हाय."

काय वाजवायचंय, म्हणून मी विचारलं. ते अजून ठरलं नव्हतं. माझा हात कोटाच्या खिशाकडे गेला. वही घरी होती. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि गाडी जुंपायला लावली.

गाव मागं पडेपर्यंत त्याचं क्लॅरोनेट ऐकू येत होतं. मी कान देऊन ऐकलं. प्रत्येक नवी जागा घ्यायच्या आधी तो किंचित थांबत होता, दार उघडायच्या आधी माणूस थांबतो तसा. इतके दिवस त्याच्या शेजारी बसून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. बजाबाई म्हणाली, किती सुरेख वाजवतात हो मौलाभाई. आजवर मला म्हणता यायचं की देवानं त्याला भीतीच दिली नाही, त्याचं काय कौतुक. आता तेही म्हणता येत नव्हतं.