रोजची झडती

मिल बंद पडली आणि आमच्या घरात दोन माणसांच्या पायाला भिंगरी लागली, एक बाबांच्या आणि एक माझ्या. सुदामा नगरातल्या दोन खोल्यांत दोघांना फेऱ्या मारायला जागा पुरायची नाही. आई वैतागायची, "एक जण तरी बसा ना, मला चक्कर येते." बाबा रोज सकाळी सायकल काढून मिलच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे आणि आल्यावर सांगायचे, "बंद आहे अभी." जसं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं. शहरात नव्या गाड्यांची शोरूम उघडत होती, पेपरवाले लिहीत होते की देश आता खुला झाला. आमचं फाटक तेवढं बंद.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेत होते. तिथली यंत्रं बहुतेक वेळ प्लास्टिकच्या आवरणाखाली झोपलेली असायची. खरं शिकले ते तुकोगंजातल्या एका सायबर कॅफेत. परदेशातल्या कुणा हौशी मंडळींनी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम इंटरनेटवर एक कॉम्प्युटर मांडून ठेवला होता: या, आणि आत शिरून दाखवा. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड कुठेतरी दडवलेला. तो सापडला की पुढे जायचं. ना मार्क, ना सर्टिफिकेट. त्या काळ्या स्क्रीनसमोर टेबलाखाली माझा पाय इतका हलायचा की शेजारच्या केबिनमधून ओरडा यायचा. एका पायरीवर मी कित्येक आठवडे अडकले होते. जेवताना तीच डोक्यात, टेम्पोत तीच, अंघोळ करताना तीच. आईने नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी मी खेकसायचे.

मग पेपरात बातमी आली, कुठेतरी एका हॅकरला पकडल्याची. बाबांनी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि मला समोर बोलावलं.

"तू पण हेच सीखतेयस ना?"

"हो, पण..."

"पण-बिण काही नाही. सारी जिंदगी झडती दिली मी. एक चिंदी नाही निघाली कधी. और मेरी बेटी ताले तोडायला शिकतेय?"

त्या झडतीचं सांगायला हवं. पाळी सुटली की फाटकावर कामगारांची रांग लागायची. एकेकाने हात वर करायचे, चौकीदार काखेपासून पोटऱ्यांपर्यंत चाचपायचा, कुणी सूत-कापड लपवून नेत नाही ना म्हणून. मग म्हणायचा, "साफ है, जाओ." माझे आजोबा महूच्या पलटणीत होते, गावात त्यांना लोक सलाम करायचे. त्यांच्या मुलाला रोज चोरासारखं तपासलं जात होतं. बाबांनी मग त्याचाच अभिमान करून टाकला. दुसरं करणार काय?

पण हे शिकणं सुटलं तर मी वेडी होईन, याबद्दल मला शंका नव्हती. "चला, डोळ्यांनी बघा," मी म्हटलं.

कॅफेत शिरताना मालक गल्ल्यावरून उठून पुढे आला, "आओ भिया, बैठो." आणि बाबांनी दोन्ही हात वर केले. निव्वळ सवयीने. मालक गोंधळला. बाबांच्याही लक्षात आलं, तेव्हा त्यांनी केस सारखे केल्यासारखं केलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाण्यापेक्षा जास्त राग. कुणाचा, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

केबिनमध्ये ते माझ्या मागे स्टुलावर बसले. "तू आत घुसतेयस ते उस कॉम्प्युटर के मालिक को मालूम है?"

"त्यांनीच बोलावलंय बाबा. आखाडा आहे हा. आखाड्यात कुणाला पाडलं तर पोलीस येतात का?"

ते "हूं" म्हणाले. म्हणजे पटलं नव्हतं.

त्यांच्या देखत मी त्या अडलेल्या पायरीला पुन्हा भिडले. नाना युक्त्या करून झाल्या. शेवटी वैतागून, जी फाइल पहिल्या दिवसापासून समोर दिसत होती तीच सरळ उघडली. पासवर्ड आत होता. ती कुणालाही वाचता येईल अशीच पडलेली होती, आणि इतक्या आठवड्यांत मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आमच्या घरचं वळणच तसं. शेजारणीची पेटी उघडी दिसली तर मान फिरवायची. मी कुलपाशी झटापट करत बसले आणि उघड्या वस्तूत डोकावणं मला सुचलंच नाही. मी हसतच सुटले.

"उघडंच होतं?" बाबांनी विचारलं. "मग त्याला सांग ना. कोणी पण येईल."

"अहो, त्यांनी मुद्दाम ठेवलंय."

"फिर भी सांग."

परत येताना त्यांनी अट घातली. शिक, पण घरी आल्यावर रोज झडती द्यायची. तेव्हापासून मी दारात हात वर करून उभी राहायचे. ते हात लावायचे नाहीत, नुसतं विचारायचे, "मालिक को मालूम था?" मी म्हणायचे, "होतं." "साफ है, जाओ." आई कपाळाला हात लावायची. सुरुवातीला मला या नाटकाचा भारी वैताग यायचा. पुढे पुढे एखाद्या दिवशी ते विसरले, तर मलाच चैन पडेना.

मिल काही उघडली नाही. यंत्रं भंगारात निघाली तेव्हा आम्ही नको म्हणत असताना बाबा बघायला गेले. संध्याकाळी बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला, पण ते आत येईनात. मी जाऊन बघते तर दारात उभे, दोन्ही हात वर.

"घे झडती."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण चेहरा थट्टेचा नव्हता. सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. मी हात घातला तर लाकडी बॉबिन निघाली, तेलाने काळी पडलेली, अजून थोडं सूत गुंडाळलेली.

"मालिक को मालूम था?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांचे हात अजून वरच होते. "मालिक कौन है अब?" ते म्हणाले. "विचारू किसको?"

मी बॉबिन त्यांच्या खिशात परत ठेवली.

"साफ है, जाओ," मी म्हटलं, आणि त्यांना आत यायला दारातून बाजूला झाले.