काकांची ब्लूजची संथा

आमच्या काकांइतका आज्ञाधारक शिष्य अख्ख्या काशीत दुसरा झाला नसेल, आणि इतक्या जाड बोटांचाही. घराणं वेदपाठ्यांचं, घर मंगला गौरीजवळ, नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ह्या गृहस्थाने शिकायला काय घ्यावं, तर पियानोवर ब्लूज! गुरू कोण, तर कँटोन्मेंटात एकटी राहणारी एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई. लढाईच्या दिवसांत कलकत्त्याला काळ्या अमेरिकन सोल्जरांचं ऐकून ऐकून ती शिकलेली. काका तिला बाईसाहेब म्हणत, चपला दाराबाहेर काढत आणि पियानोच्या बाकावर चक्क मांडी घालून बसत.

कागदबिगद काही नाही. विद्या घेण्याची काकांना एकच रीत ठाऊक, संथेची: गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. बाईसाहेब एक तुकडा वाजवत, काका तोच दोनदा. चुकलं की पुन्हा एकदा, पुन्हा दोनदा. "अरे बाबा, ये रोने का म्यूजिक है, रो के बजाओ," असं ती कळवळून सांगे आणि काका घाम पुसत ठणठणीत कोरडं वाजवत. ह्या संगीतातला गंधार म्हणे धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी राहतो. काकांनी त्या फटीत नख घालूनही पाहिलं.

तिच्या मनची एक चीज होती, बारा तुकड्यांची, कुठेच न लिहिलेली. दहा तुकडे झाले आणि बाई गेली. पियानो काकांच्या नावे ठेवून गेली. तो गल्लीतून येईना, म्हणून राजघाटावरून नावेत घालून भोसले घाटावर उतरवला. आठ मल्लाहांनी खांद्यावर घेतला तेव्हा पायऱ्यांवरचे लोक तिरडीला द्यावी तशी वाट देत बाजूला झाले.

त्या दिवसापासून दुपारी चारला काका बाकाची डावी बाजू रिकामी सोडून बसू लागले. आधी एक तुकडा वाजेल एवढा वेळ अगदी गप्प, मग तो दोनदा. बाकी सगळं सोसलं, पण ती मधली गप्प जागा ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि एके दिवशी जिन्यात मला तुकडा तीनदा ऐकू आला. अकरावा, कधी न ऐकलेला. पहिल्या खेपेला मी पायरीवरच थांबले. पुढच्या दोनदा हसू आलं, ते ठणठणीत कोरडं वाजवणं काकांचंच होतं. धावत वर गेले तर काकांचे हात मांडीवर, आणि डावीकडच्या दबलेल्या पट्ट्या माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून वर आल्या.

"बाईसाहेब आल्या का हो? चाय टाकते," आतून काकूने विचारलं.

"काकू, तुला भीती नाही वाटत?"

"अगं, मणिकर्णिका दोन पावलांवर. इथे भ्यायचं म्हटलं तर स्वयंपाक कधी करायचा?"

पावसाळा सरता सरता बारावा तुकडाही आला. तो मात्र काकांना काही केल्या जमेना. महिने गेले, वर्षं गेली. रोज शेवटचाच सूर चुके आणि रोज पहिल्यापासून संथा. शेवटी मीच चिडून म्हटलं, "काका, रोज तिथेच काय चुकता हो? मला ऐकून पाठ झालं!"

काकांनी रिकाम्या बाजूकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "ठाऊक आहे मला, पोरी. पण संथा पुरी झाली की गुरू उठतो. ह्या उठून जातील कुठे? ह्यांचं इथे दुसरं आहे कोण?"

काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. पियानो अजून तिथेच आहे आणि ती चीज मला सबंध येते. पण मी बसत नाही. माझ्या हातून शेवट बरोबर वाजला, तर दोघंही उठून जातील.