गोऱ्यांची यादी

माझ्या थोरल्या काकांची मुलगी माझ्याहून उजळ होती, तरी घरात तिला काळी म्हणत. आम्ही अलिबागजवळच्या एका गावातले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं, आपसात आम्ही बेने इस्राईल, म्हणजे इथले यहुदी. ज्यांचे आईबाप दोघेही आमच्यातले, ते गोरे. ज्यांची आई इथल्या दुसऱ्या जातीतली, ते काळे. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. काकांनी पलटणीत असताना बाहेरची बायको केली, दोघंही तापात गेली आणि पोर आमच्या घरी आली. तिचा पितळी पेला मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा असायचा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण तिला मी कधी ताई म्हटलं नाही. तशी रीतच नव्हती, आणि मला रीत फार आवडायची, कारण ती माझ्या सोयीची होती.

आमच्या मूळची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. दूरच्या कुठल्याशा देशातून जीव घेऊन निघालेल्यांचं गलबत नवगावच्या समोर खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावला पुरलं, पोथ्या समुद्रात गेल्या. हाती उरली एक प्रार्थना, शनिवार, सुंता आणि खवल्यांचाच मासा खायचा हा नेम. त्या चौदा जणांची पोरं पुढे कुणाकुणाशी लग्नं करून वाढली, हे कोणी विचारायचं नाही.

त्या वर्षी किनाऱ्यावर लोक मीठ उचलून तुरुंगात जात होते. देश हा शब्द जो तो बोलू लागला आणि त्याबरोबर आपले पूर्वज कुठून आले तेही सांगू लागला. मुरुडकडचे मुसलमान व्यापारी अरबस्तान सांगायचे, शाळेतले मास्तर उत्तरेतून आलेले आर्य सांगायचे. कोळी तेवढे म्हणायचे, आमी हितलंच. आमच्या मुंबईकर शहाण्यांनाही मग आपलं कूळ छापून ठेवावंसं वाटलं. त्यासाठी एक पाहुणे गावोगाव फिरत आमच्याकडे आले. अस्सल घराण्यांची यादी करायची होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला मला बसवलं. पाहुण्यांच्या पुतण्यासाठी माझा विचार चालला आहे, हे मला ठाऊक होतं.

काकांच्या मुलीचंही त्या यादीत अडकलं होतं. आगरदांड्याच्या एका बिजवर सुताराने निरोप पाठवला होता की काकांची मुलगी म्हणून यादीत नाव आलं, तर तो लग्नाला तयार आहे, मग कोणी बोट दाखवणार नाही. ती चोवीस वर्षांची होती, म्हणजे तेव्हाच्या मानाने लग्नाचं वय सरलेलं. हे तिने फक्त मला सांगितलं, तेही आदल्याच दिवशी, तीळ निवडता निवडता. सांगताना ती हसत होती. मला तो तिचा आगाऊपणा वाटला.

पाहुण्यांना आमच्या प्राचीनपणाचा पुरावा हवा होता. वडिलांनी कोळणीची पाटी ओटीवर ओतायला लावली आणि तिला हाक मारली. ती आली, बसली आणि पाहुण्यांकडे बघत बघत नुसत्या अंगठ्याच्या नखाने मासे वेगळे करू लागली. खवल्यांचे एकीकडे, बिनखवल्यांचे दुसरीकडे. पाटी संपेपर्यंत एकही चुकला नाही. पाहुणे हरखून गेले. दोन हजार वर्षांची ओळख या बोटांत शाबूत आहे, असं काहीसं म्हणत त्यांनी आपल्या वहीत भराभर लिहून घेतलं.

मग यादी पुढे ओढत त्यांनी तिच्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, "आणि ही कोण?"

वडील घाण्याकडे बघत राहिले. मी लेखणी शाईत बुडवली आणि म्हणाले, "कामाला असते."

ती पाहुण्यांचा रिकामा पेला उचलायला वाकली होती. "व्हय, कामाला हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

यादी छापून आली. सुताराने नवगावची एक मुलगी केली. काकांच्या मुलीने त्या दिवसापासून मासळी निवडणं सोडलं. मालकिणीनं निवडावी, म्हणायची. पुतण्याला घेऊन पाहुणे मला बघायला येणार होते तेव्हा मीच बाजारात गेले. नेहमीची कोळीण नव्हती. दुसऱ्या एका कोळणीकडे सोललेल्या, पांढऱ्याशुभ्र तुकड्या होत्या. मला त्या घोळीच्या, म्हणजे खवल्यांच्याच माशाच्या वाटल्या. तुमच्यात हे चालतं का, असं तिने विचारलंसुद्धा. मला वाटलं, ही माझी परीक्षा बघते आहे. मी तोऱ्यात चालतं म्हटलं आणि घेऊन आले.

चुलीशी ती माझ्या शेजारीच होती. तुकड्या तिनेच धुतल्या. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतल्या, पुतण्याने तीनदा. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर ती दारात उभी राहून म्हणाली, "मुशी व्हती ती. खवलं न्हाय तिला. कामाच्या बाईनं कशाला सांगावं?"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुण्यांनी सावकाश रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे कुठे लिहायचं कारण नाही." लग्न त्याच बैठकीत ठरलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला घाण्याच्या दोरखंडाने मारलं. मी दारातून बघितलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढे मुंबईत बगदादहून आलेल्या आमच्याच धर्माच्या श्रीमंत लोकांच्या प्रार्थनेला एकदा नवऱ्याबरोबर गेले. आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. तुम्ही मूळचे की इथले बाटून झालेले, असं एका म्हाताऱ्याने नवऱ्याला विचारलं. मी पिशवीतून ती छापील यादी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती उघडलीही नाही, दोन बोटांनी परत सरकवली.

त्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा भर दुपारी, ओटीवर, मी हे सगळं तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या कोणाला ते उमगलंच नसतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं, मोरीजवळच्या कोनाड्यातल्या तिच्या त्या पितळी पेल्यातून. माझ्यासमोर ठेवून ती बघत उभी राहिली.

उन्हातून चालत आले होते, घशाला कोरड पडली होती. तरी मी तो पेला तोंडाला लावला नाही.