पास्कल अंकलचा टायमर

चार माणसं एका कामाला लागली की काम होतं बोटभर आणि किस्से होतात पोतंभर! आमचा मरोळ गावठाणातला ग्रुप तसाच. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली की आम्ही चौघं आजारी माणसांच्या घरी जायचो. प्रार्थना करायची, थोडं बोलायचं. पुढारी पास्कल अंकल. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले, पण अंगातली शिफ्ट काही सुटली नव्हती.

त्यांच्या खिशात किचनमधला चावीचा टायमर असायचा. एका घराला पंधरा मिनिटं. ट्रिंग झालं की उठायचं! "वेळ देवाचा आहे रे, आपल्या बापाचा नाय!"

*

एकदा तो टायमर चर्चमध्येच वाजला, ऐन प्रवचनात. फादर थांबले. "काय पास्कल, अंडी उकडली का?"

अंकल शांतपणे उभे राहिले. "नाय फादर, तुमची पंधरा मिनिटं झाली!"

फादरनी खरंच दोन वाक्यांत आटोपलं.

*

अंकल सगळ्यांना वेळ द्यायचे, फक्त घरी नाही. त्यांची बायको, मर्सी आंटी, आम्हाला चहा देताना म्हणायची, "हा सकाळी जातो तो जेवायलाच उगवतो. मी आजारी पडले की लागेल ना रे माझा नंबर?"

आम्ही हसायचो. अंकलसुद्धा हसायचे. आता आठवलं की लाज वाटते.

*

चकाल्याच्या रोझी आजी नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. एका रविवारी स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या. बँड आला, पाहुणे आले, नवऱ्याचा मात्र पत्ताच नाही... आणि ट्रिंग!

अंकल उठले. आजी म्हणाल्या, "अरे बाबा, अर्धी राहिली की!"

"पुढच्या रविवारी, आजी."

गुरुवारी आजी गेल्या. दफन झालं, सगळे पांगले, अंकल तिथेच बसून. मी म्हटलं, "चला अंकल."

"तो नवरा कुठे होता रे?" एवढंच विचारलं आणि ढसाढसा रडले.

*

त्यानंतर टायमर वाजला तरी अंकल उठेनात. पुन्हा चावी द्यायचे आणि ऐकत बसायचे. आमची दुपारची जेवणं चारला व्हायला लागली. पोटाची पार वाट लागली!

मग एका शुक्रवारी त्यांनी मला रविवारची यादी दिली. पहिलंच नाव, मर्सी. पुढे लिहिलेलं, 'आमचं घर'.

"काय अंकल, आंटीला बरं नाही?"

"ठणठणीत आहे रे. पण चाळीस वर्षं थांबलीय ती. आधी सांगू नको हां तिला."

शनिवारी सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

*

रविवारी दुपारी अंकलना न्यायचं होतं. मी ती यादी आंटीच्या हातात दिली. तिने वाचली आणि घडी घातली.

पेटीचं झाकण लावायला माणसं पुढे आली. आंटी उठली, शेल्फवरचा टायमर घेतला, चावी दिली आणि पेटीजवळ खुर्ची ओढली.

"थांबा. आज माझा नंबर आहे."

फादरसुद्धा मागे सरकले. आंटी हळू आवाजात अंकलशी बोलत होती. गॅसवाला आला नाही, मुलीचा फोन आला होता, गुडघा फार दुखतो. सगळं घरातलंच.

ट्रिंग झालं. माणसांनी झाकण उचललं.

आंटीने पुन्हा चावी दिली.