आईनं म्हशीला सांगितलं की…

रिपोर्टेड स्पीच, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यानं कसं सांगायचं ते व्याकरण, शिकवायला माझ्याइतका लायक माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, असं माझं मत होतं. ते फक्त माझंच होतं. इंग्रजीत मी मध्यम. पण हट्ट्याला, म्हणजे गावी, आमच्या घरी आईचा आणि काकूचा अबोला होता, आणि अंगण दोघींचं एकच. बोलल्यावाचून भागत नव्हतं. मग आई म्हशीकडे तोंड करून म्हणायची, "हळद वाळत घातली हाय माय, कुनी पानी सांडू नये." काकू चुलीपाशी बसून म्हशीलाच उत्तर द्यायची, "पानी सांडाया आमी काय आंधळे हाव का?" म्हैस रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

वसमतच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची एक कायम जागा निघाली, तेव्हा मला ती म्हैस आठवली. तोवर मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे शाळेला गरज असली की मास्तर आणि उन्हाळ्यात कुणीच नाही. पोरीकडचे लोक यायचे, "कायम हाय का?" एवढं विचारायचे आणि बिस्किटं संपवून निघून जायचे. ही जागा मला पाहिजेच होती.

निवडीसाठी संस्थेच्या लोकांपुढे पाठ घ्यायचा होता. आधी एका शाळेत असाच पाठ घेऊन मी शेवटी ऐटीत "एनी डाउट?" विचारलं होतं. तिथल्या अध्यक्षांना माझ्याविषयीच डाउट होता आणि तो त्यांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवला. म्हणून या वेळी आधी सराव करायचं ठरवलं. सरावाला वर्ग लागतो. वर्ग म्हणून मी ताईला धरलं.

ताई वसमतलाच दिलेली. दाजी हळदीच्या अडतीवर कामाला. त्यांनीही माझ्यासारखं बीएड केलेलं, पण ते प्रमाणपत्र कपाटात साड्यांखाली. मी आधीच विचारून घेतलं होतं, "दाजी, तुमी बी अर्ज करून राहिले का?" ते हसले. "आपल्याला कुठं जमती आता मास्तरकी? तू हो म्होरं."

दुपारी दाजी अडतीवर असायचे, लेकरं शाळेत. मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहायचो आणि ताई लसूण सोलत माझा वर्ग व्हायची. वर्ग मोठा वाह्यात होता.

"मदर टोल्ड द बफेलो दॅट…" मी सुरू करायचो.

"सर, म्हशीला इंग्लिश समजतं व्हय?"

"हात वर करून विचार."

ताईनं लसणाचा हात वर केला. "सर, ती बाई सरळ जावंलाच काहून न्हाई सांगत? त्या मुक्या जनावराला काहून तकलीफ?"

प्रश्न फक्कड होता. मी तिथल्या तिथं उत्तर जुळवलं. सरळ बोललं की भांडण होतं, कुणामार्फत सांगितलं की निरोप होतो. आपल्याला आज निरोप शिकायचाय. ताईचा हात थांबला. "हे भारी हाय रे. हे तिथं म्हणच." आम्ही तो प्रश्न आणि ते उत्तर पाठात घातलं. कुठं थांबायचं, म्हशीचं नाव घेताना चष्मा कसा काढायचा, काळ कुठं बदलायचा, सगळं तिनं माझ्याकडून रोज म्हणून घेतलं. चुकलो की लसणाची पाकळी फेकून मारायची. बहीण असावी तर अशी, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

पाठाच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. आतून आवाज आला, "मदर टोल्ड द बफेलो…"

पहिल्यांदा वाटलं, घाबरून मीच मोठ्यानं बोलून राहिलोय. तोंडावर हात ठेवून पाहिला. आवाज चालूच. खिडकीतून डोकावलो, तर फळ्यापाशी दाजी. "माझी आई आणि काकू," ते सांगत होते, आणि संस्थेची मंडळी हसत होती. दाजींची आई जन्मभर वसमतला दोन खोल्यांत राहिलेली. म्हैस लांबून दिसली तरी पदर सावरून रस्ता बदलणारी. पाठ घेतला तो घेतला, या माणसानं माझी आईसुद्धा घेतली! मग त्यांनी चष्मा काढला. दाजींना चष्मा नाही. तो त्यांनी कुणाचा तरी मागून आणला होता.

तोपर्यंत मला वाटत होतं, दाजींनी कधी दाराआडून ऐकलं असेल. पण ते पुढं म्हणाले, "आता तुम्ही विचाराल, ती बाई सरळ जावेलाच का नाही सांगत?" तो प्रश्न निघाला तेव्हा दाजी अडतीवर होते. स्वयंपाकघरात मी होतो आणि ताई होती.

दाजी बाहेर आले. "अरे, तू आलास व्हय?" लग्नात भेटल्यासारखं.

"तुमी तर अर्ज करनार नव्हता."

"शेवटच्या दिशी केला. तुझी ताई मागंच लागली," असं म्हणत चष्मा खिशात घालून ते निघून गेले.

माझं नाव पुकारलं. शहाण्या माणसानं दुसरा पाठ घेतला असता. माझ्याकडे दुसरा नव्हता. "मदर टोल्ड द…" मी म्हणालो.

"बफेलो," अध्यक्षांनी पुरं केलं. "तुमच्याकडं सगळ्यांच्याच आया म्हशीशी बोलतात का हो?"

"सर, ती म्हैस मुळात आमची आहे."

या वाक्यानंतर खोलीत जे हसू झालं त्यानं पुढच्या उमेदवाराचंसुद्धा दडपण गेलं असणार. "म्हैस राहू द्या, टेन्सेस घ्या," ते म्हणाले. मी फळ्यावर बारा काळांचे बारा रकाने आखले आणि अकरा भरले. बाराव्याकडे बघत उभा राहिलो. "बसा," कुणीतरी कीव करून म्हणालं.

तिथून तडक ताईकडे गेलो. तिनं दार उघडलं आणि पाठ फिरवून चहा ठेवला.

"तू सांगितलंस."

"व्हय."

"सगळं?"

"सगळं. तू गेला की हे यायचे. यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हणून चार-चार बार म्हणून घेतलं."

"लसूण पण मारला का?"

ती हसली नाही. "अडतीवर यांचं काय खरं न्हाई. लेकरं हायेत माझे. तू एकटा हाईस, आज न्हाई तर उद्या कुठंबी लागशील." गाळणीत चहा ओतत ती हळूच म्हणाली, "आन आईला इचारूनच केलं म्या. आई म्हणली, दे, आदी जावयाचं बस्तान बसू दे."

येताना रस्त्यानं मी शिव्या जुळवत आलो होतो. बहुतेक दाजींसाठी, दोन-चार ताईसाठी. आईसाठी एकही आणली नव्हती. चहा मात्र फक्कड झाला होता. मी तो प्यालो आणि हट्ट्याची गाडी धरली.

आई दारात सुपात तांदूळ निवडत होती.

"झाला का पाठ?" तिनं खाली बघूनच विचारलं.

"झाला. दाजींचा बी झाला."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग पहिल्यांदा मान वर केली. "लागतील का मग जावई?"

"लागतील," मी म्हणालो.

तिचा चेहरा खुलला, आणि तो मला दिसू नये म्हणून ती परत सुपात वाकली.